घोरपड का थांबली?

मित्रांनो, 'बाई चुकल्या' असे मुलांनी म्हटलेले तुम्ही खूपदा ऐकले असेल. निदान मधल्या सुट्टीत, हळू आवाजात! पण 'मी चुकले' असे बाईंनी स्वतःच सांगितलेले कधी ऐकले आहे? नाही ना? मग आज ऐका.

मी बोईसरला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. झाले, पण विजेचे माझे ज्ञान म्हणाल तर एक सेल, दोन वायरी आणि एक बल्ब. वर्गात तो बल्ब पेटला की पोरे टाळ्या वाजवतात आणि मलाही फार मोठे काही केल्यासारखे वाटते. आमचे गाव मात्र विजेच्या बाबतीत लहानसहान नाही, बरं का! एका बाजूला औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि दुसऱ्या बाजूला, समुद्राच्या काठी, तारापूरचे अणुवीज केंद्र. २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देणारे हे भारतातले पहिले अणुवीज केंद्र.

आणि अशा गावात दोन भावांची एक फळी दर चार मिनिटांनी बंद पडत होती!

हे दोघे भाऊ माझे जुने विद्यार्थी. थोरला आता नववीत आहे, धाकटा सहावीत. वडील एका कारखान्यात फिटर आहेत. दोघांनी सुट्टीत घरीच विजेवर चालणारा स्केटबोर्ड बनवायला घेतला. प्लायवूडची जाड फळी, एका मोडक्या खेळण्यातली चाके, चाकातच बसवलेली मोटर, एक कंट्रोलर आणि हातात धरायचा छोटा रिमोट. बॅटरीसाठी त्यांनी भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या चार जुन्या बॅटऱ्या आणल्या. त्या फोडून आतले वीस गोल सेल काढले आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या दादाकडून ते जोडून घेतले. दोन-दोन सेलची एक जोडी, अशा दहा जोड्या एकापुढे एक. एका जोडीचे ३.६ व्होल्ट धरले तर दहा जोड्यांचे झाले ३६.

फळीला नाव दिले 'घोरपड'. का, तर म्हणे घोरपड कुठेही चिकटून चढते. पण ही घोरपड चढ आला की चिकटायची आणि तिथेच बसायची! धाकटा उभा राहिला तर चालायची. थोरला उभा राहिला आणि शाळेमागचा जरासा चढ आला की चार मिनिटांत बंद. मोटर बंद, कंट्रोलरचा दिवा बंद, सगळे गप्प. घरी आणून चार्जरला लावली की दिवा पुन्हा पेटायचा आणि चाक हवेत भिरभिर फिरायचे.

शाळेचे विज्ञान प्रदर्शन तीन आठवड्यांवर आले होते. एका रविवारी दोघे घोरपड घेऊन माझ्या दारात हजर.

"बाई, तुम्हीच बघा. बॅटरी फुल आहे तरी बंद पडते."

"फुल आहे हे कशावरून?"

"चार्जरचा हिरवा दिवा लागला ना!"

आता हिरवा दिवा म्हणजे काही प्रगतिपुस्तक नव्हे. मी म्हटले, "आधी वही काढा. काय होते, केव्हा होते आणि कोण उभे असताना होते, ते लिहा. मग हात लावा." शिकवायची सवय, दुसरे काय! पण ही सवय कामाला आली. वहीत लिहिल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसली. चाक हवेत असताना घोरपड कधीच बंद पडत नव्हती. वजन आणि चढ असेल तेव्हाच पडत होती. म्हणजे दुखणे बॅटरी रिकामी होण्याचे नव्हते, ओझे पडल्यावरचे होते.

हे नीट समजण्यासाठी चाळीतला नळ आठवा. पहाटे एकटे उठून नळ सोडला की कसे जोरात पाणी येते! पण सात वाजता सगळ्या घरांचे नळ सुरू झाले की वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. टाकीत पाणी तेवढेच असते, दाब मात्र घसरतो. बॅटरीचेही असेच. व्होल्ट म्हणजे तो दाब, अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी. मोटर जास्त अँपिअर मागू लागली की बॅटरीचे व्होल्ट खाली येतात. चांगल्या बॅटरीचे थोडे येतात, थकलेल्या बॅटरीचे धाडकन येतात. म्हणून बॅटरी नुसती ठेवलेली असताना मोजली तर ती फुल दिसते, आणि काम सांगितले की मान टाकते.

मोजायला मल्टिमीटर आणला आणि पहिला प्रसाद मिळाला. कुणीतरी आधी अँपिअर मोजायला मीटरची लाल वायर दुसऱ्या भोकात खोचली होती. ती तशीच राहिली. धाकट्याने दोन्ही टोके बॅटरीला लावताच फाट्‌ करून ठिणगी उडाली आणि टोक काळेठिक्कर पडले. अँपिअरच्या भोकात वायर असली की मीटर म्हणजे नुसती एक जाड तार होते आणि बॅटरीची दोन टोके थेट जोडली जातात. नशीब, हाताला काही झाले नाही. त्या दिवसापासून आमचा नियम: मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय मीटर हातात घ्यायचा नाही, आणि घेतला की आधी लाल वायर कुठे आहे ते मोठ्याने बोलून दाखवायचे.

दुसरी गोष्ट नाकाने सापडली. दोन फेऱ्या मारल्यावर जळकट वास आला. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधला पिवळा जोड एका बाजूने तपकिरी झाला होता आणि बोट टेकवेना इतका तापला होता. आत सोल्डरचा डाग कच्चा होता. विचार करा, अशा ढिल्या जोडात नुसता ०.८ व्होल्ट अडकला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर गुणाकार किती? ८ वॅट. घरातल्या एका एलईडी दिव्याला लागते तेवढी वीज त्या बोटाच्या पेराएवढ्या जोडात नुसती उष्णता होऊन बसते! वायरही घंटीला लावतात तशी बारीक होती. जोड नवा घातला, वायर जाड घातली. घोरपड चारऐवजी सहा मिनिटे चालली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सातव्या मिनिटाला ती बसली.

आता थोरल्याने डोके चालवले. ती बंद पडली त्याच क्षणी त्याने दोन ठिकाणी मोजले. बॅटरीच्या सेलवर ३८ व्होल्ट, बाहेर येणाऱ्या वायरींवर जवळजवळ शून्य. मध्ये काय होते? एक हिरवी पट्टी. तिला बीएमएस म्हणतात, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. आपण तिला राखणदार म्हणू. हा राखणदार एकेका जोडीवर नजर ठेवतो. कुणी फार भरली, कुणी फार रिकामी झाली किंवा प्रवाह फार वाढला की तो दार लावून घेतो.

"बाई, सापडला चोर!" थोरला ओरडला. "बॅटरीत ३८ आहेत आणि हीच पट्टी अडवते. पट्टी काढून सरळ वायर जोडू?"

प्रदर्शन दहा दिवसांवर आले होते. मी दमले होते. आणि मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "बघ काढून. प्रदर्शनापुरती."

हीच माझी चूक, मित्रांनो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा थोरला कात्री घेऊनच बसला होता. वडील पहिल्या पाळीवरून येऊन चहा घेत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि कप खाली ठेवला.

"बाई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला ना, दादा."

"कंपनीत मशीन ट्रिप झाले की आम्ही पहिल्यांदा विचारतो, ट्रिप का झाले? ट्रिपची वायर काढून मशीन चालवणारा माणूस आम्ही दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाही. स्वतः मरतो तो मरतो, शेजारच्यालाही घेऊन जातो."

मी गप्प झाले. माझी नजर भिंतीकडे गेली. त्यांचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. चार्जरचा पॉइंट खाटेच्या उशाशी होता. त्या खाटेवर धाकटा झोपतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक जुनी बातमी सारखी आठवत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यात, घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. सात वर्षे म्हणजे माझ्या दुसरीच्या वर्गातल्या मुलांचे वय. ती बातमी वाचून मी तेव्हा हळहळले होते. आणि आता दुसऱ्याच्या घरात, एका मुलाच्या उशाशी असलेल्या बॅटरीचा राखणदार काढायला मीच सांगून आले होते. प्रदर्शनापुरता!

सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या घरी गेले आणि दोघांना म्हटले, "काल मी चुकीचे सांगितले. पट्टीला हात लावायचा नाही. ती का अडवते ते शोधायचे." थोरल्याचे तोंड एवढेसे झाले, पण त्याने कात्री परत डब्यात टाकली.

पुढच्या रविवारी वडिलांनी सूत्रे हातात घेतली. ओळखीच्या गॅरेजमधून त्यांनी गाडीच्या हेडलाइटचे तीन बल्ब आणले. एकेक १२ व्होल्टचा आणि ५५ वॅटचा. तिन्ही एकापुढे एक जोडले, झाले ३६ व्होल्ट! चढ नको, धावपळ नको. बॅटरीवर साडेचार अँपिअरच्या आसपास ओझे जागच्या जागी तयार. किती साधी युक्ती, नाही का? बॅटरी अंगणात फरशीवर ठेवली, शेजारी वाळूची बादली ठेवली, मुलांना दोन हात लांब बसवले. वडील एकेका जोडीवर मीटर लावून आकडा सांगत आणि धाकटा वहीत लिहीत होता.

बल्ब लावण्याआधी सगळ्या जोड्या ३.९ च्या आसपास, फक्त सातवी ३.८. फरक कितीसा? एवढासाच. मग बल्ब पेटवले. दोन मिनिटांनी नऊ जोड्या ३.७ वर उभ्या. आणि सातवी? ३.१. मग ३.०. मग २.९. आणि २.८ झाल्याबरोबर तिन्ही बल्ब विझले. राखणदाराने दार लावले होते.

आता गणित करा बरे. नऊ जोड्या गुणिले ३.७ म्हणजे ३३.३. त्यात सातवीचे २.८ मिळवा. एकूण ३६.१. भागिले दहा, सरासरी ३.६१. म्हणजे अगदी छान बॅटरी! सरासरी पाहिली असती तर आम्ही आजही हिरव्या पट्टीलाच शिव्या देत बसलो असतो. दहा जणींमधली एक बुडत होती आणि एकूण बेरीज म्हणत होती, सगळे ठीक आहे.

पट्टी काढली असती तर काय झाले असते? जोड्या एकापुढे एक असल्याने सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. बाकीच्या नऊ जणींनी सातवीला तशीच ओढत नेली असती. सेल फार खाली गेला की त्याच्या आतल्या पत्र्याचे तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको तिथे साचून आतल्या आत दोन टोके जोडू शकते. मग सेल तापतो, तापल्यामुळे आतली रासायनिक क्रिया वाढते आणि ती वाढल्यामुळे आणखी तापतो. या चक्राला नंतर कुणी थांबवू शकत नाही. शेजारचे सेलही पेट घेतात. आणि हे सगळे चार्जिंग चालू असताना, म्हणजे रात्री, उशाशी!

सातवी जोडी अशी का झाली, तेही कळले. चार बॅटऱ्या वेगवेगळ्या वयाच्या होत्या, त्यातले दोन सेल सर्वांत थकलेले. शिवाय लॅपटॉपचा सेल थोडा थोडा प्रवाह द्यायला बनवलेला असतो. चढावर घोरपड मागायची १० अँपिअर, म्हणजे जोडीतल्या प्रत्येक सेलकडून पाच. टाकी मोठी असली तरी तोटी बारीक असेल तर धार कशी मोठी येणार? मग त्या दोनच सेलच्या जागी नवे घालायचे का? तेही नाही. नवे आणि जुने एकत्र जुंपले की जुने पुन्हा आधी थकतात. सगळी बॅटरीच निवृत्त करायची, असे ठरले.

मुलांना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. लिथियमच्या बॅटरीवर काम केल्याबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले: जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो. व्हिटिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला इतक्या वेळा आग लागली की, आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे तुमच्याकडून घेऊ, असे आगीच्या बंबवाल्यांनी बजावले होते म्हणे! योशिनो यांनी नवी बॅटरी बनवली, तेव्हा ती किती जोरात पळते हे पाहून ते थांबले नाहीत. स्फोटकांची चाचणी घेतात अशा जागी नेऊन त्यांनी तिच्यावर लोखंडाचा मोठा तुकडा टाकला. काही झाले नाही. शुद्ध लिथियम असलेल्या बॅटरीवर टाकला, तर जोराचा स्फोट झाला. आपली बॅटरी सुरक्षित आहे, हे दिसले तेव्हाच तिचा जन्म झाला, असे ते मानतात. १९९१ साली अशी बॅटरी बाजारात आली आणि आज ती तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये आहे. आमच्या शेजारची अणुभट्टीसुद्धा काही बिघडले तर आपोआप बंद व्हावी अशीच बनवलेली असते. वेळेवर थांबणे हे यंत्राचे कामच आहे.

प्रदर्शनात घोरपड चालली नाही. टेबलावर ती नुसती बसली होती. तिच्यामागे मोठा तक्ता लावला होता: 'घोरपड का थांबली?' दहा जोड्यांचे दहा स्तंभ, बल्ब पेटण्याआधीचे निळे, नंतरचे लाल. सातवा लाल स्तंभ खाली घसरलेला. लोक आधी विचारायचे, "चालत नाही?" थोरला सांगायचा, "नाही. का चालत नाही, ते सांगू?" आणि लोक थांबून ऐकायचे. काळा पडलेला जोड आणि मीटरचे जळके टोकही धाकट्याने मांडून ठेवले होते. बक्षीस मिळाले नाही. पण एक आजोबा तक्ता पाहून म्हणाले, "आमच्या नातवाची सायकल रात्रभर चार्जिंगला असते. आज घरी गेल्यावर बघतो." मला तेवढे पुरले.

दिवाळीत वडिलांनी बोनसमधून तयार बॅटरी आणली: एकाच वयाचे नवे सेल, आत राखणदार, सोबत तिचाच चार्जर. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकली नाही. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. चार्जिंगचा पॉइंट आता खाटेजवळ नाही. बॅटरी दिवसा, घरी कुणी जागे असताना, फरशीवर आणि दारापासून बाजूला चार्ज होते. दार कशासाठी? काही झालेच तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी. बॅटरी फुगली, वास आला किंवा फार तापली, तर ती पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. धूर दिसला तर सामान घ्यायला थांबायचे नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचे, मोठ्यांना हाक मारायची आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. आणि तुम्ही असे काही बनवणार असाल तर बॅटरी मात्र घरी फोडू-जोडू नका. फळी रंगवा, चाके बसवा, वहीत आकडे लिहा. बॅटरीचे काम जाणत्या मोठ्या माणसाचे.

घोरपड आता चढ चढते. शाळेमागच्या सिमेंटच्या पट्ट्यावर, हेल्मेट घालून. रस्त्यावर न्यायची नाही, हे ठरलेलेच आहे.

आणि माझे काय झाले, सांगू? त्यानंतर वाचनाची चाचणी घेतली तेव्हा वर्गाची सरासरी चांगली आली. एरवी मी तेवढे पाहून वही मिटली असती. यंदा एकेक आकडा पाहिला. एक मुलगी वाचायला उभी केली की गप्प बसायची. मी तिला हट्टी समजत होते. पाटीवर मोठी अक्षरे काढून दिली तर तिने धडाधड वाचली. तिला पुस्तकातली बारीक अक्षरे दिसतच नव्हती. तिच्या आईला बोलावून सांगितले. आता तिला चष्मा लागला आहे आणि वर्गात तिला थांबवावे लागते, इतकी ती वाचते!

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात काही मध्येच थांबले तर लगेच थोपटू नका, ढकलू नका, कात्री काढू नका. आधी वही काढा. केव्हा थांबले ते लिहा. आणि तुमच्या बाई घाईत काही भलतेच सांगू लागल्या, तर त्यांनाही विचारा, "बाई, पण ते थांबले का?" त्या रागावणार नाहीत. रागावल्याच, तर त्यांना माझी ही गोष्ट वाचायला द्या!